बाबासाहेबांची घरे आणि लंडनचे एक खरेदीखत

जालना शहरात कादराबादेत किंवा सदर बाजारात एखादे जुने घर विकत घ्यावयाचे झाले, तर घेणारा माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. खाली दुकानाचे गाळे, वर बिऱ्हाड, आत चौक, अशा या वास्तू. विकणाऱ्याचा हक्क निर्वेध आहे काय, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव कोणाचे आहे, भिंती आणखी किती पावसाळे काढतील आणि खालच्या गाळ्यातले कूळ किती वर्षांचे आहे, हे तो विचारतो. यातला शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष नाजूक. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडेनियंत्रण कायदा २००० सालापर्यंत चालू होता आणि त्याच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या बसलेली कुळे पुष्कळ होती. मात्र घेतल्यावर त्या वास्तूचे करावयाचे काय, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. खरे तर तो सर्वांत आधी विचारावयास हवा.

हे आठवण्याचे कारण महाराष्ट्र शासनाने केलेली एक खरेदी. लंडनच्या उत्तर भागात प्रिमरोझ हिल नावाची एक टेकडी आहे आणि तिच्या परिसरात श्रीमंतांची, कलावंतांची शांत वस्ती आहे. तेथील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाचे, शेजारच्या घराला भिंत लागून उभे असलेले अनेक मजली घर शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस फूट, किंमत तीस कोटी रुपयांहून अधिक. या घरात १९२१-२२ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचा एक विद्यार्थी राहत असे, अशी पाटी त्याच्या भिंतीवर होती. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथे स्मारकाचे उद्घाटन झाले.

त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळ होता. तो ओळीने दुसरा. अशा साली सरकारने परदेशात तीस कोटींचे घर घ्यावे काय, असा प्रश्न एखाद्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मनात आला असेल, तर त्याला लगेच कृतघ्न ठरविण्याचे कारण नाही. सार्वजनिक पैशाबद्दल प्रश्न विचारण्याची सवय या देशाला ज्यांनी लावली, त्यांत बाबासाहेब स्वतःच अग्रभागी होते. डॉक्टरेटचा प्रबंधच मुळी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिला. परंतु या प्रश्नाचे उत्तर केवळ जमाखर्चाच्या वहीत सापडणार नाही. ज्यांच्यासाठी हे घर घेतले, त्यांचा घरांशी आयुष्यभर काय संबंध आला, हे एकदा पाहावे लागेल.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू येथील लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. म्हणजे जन्मघरदेखील सरकारी नोकरीबरोबर आलेले आणि नोकरीबरोबर सुटणारे. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व तेथून साताऱ्यास आले. साताऱ्यास आई भीमाबाई गेल्या. पुढे मुंबईत परळच्या गिरणी कामगारांच्या चाळीत एक खोली मिळाली. स्वयंपाक, निजणे आणि अभ्यास सारे तेवढ्यातच. सर्वांना एका वेळी आडवे होणे शक्य नसल्याने मुलाने आधी झोपावे, वडिलांनी जागावे आणि उत्तररात्री मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः निजावे, अशी व्यवस्था होती. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ मध्ये मॅट्रिक आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये बी. ए. झालेल्या विद्यार्थ्याची अभ्यासिका ती हीच.

१९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळून भीमराव न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र भेटला. तो जन्माचा सोबती झाला. विद्यापीठाच्या आवारात जातीची चौकशी न होता मिळालेला हा बहुधा पहिलाच निवारा. तेथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास यांचे अध्ययन केले आणि जुनी पुस्तके खरेदी केली. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ती पुस्तके हजारांच्या संख्येत होती. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी नाव नोंदविले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. दुसऱ्या जहाजाने पाठविलेले सामान पाणतीराने जहाजाबरोबर बुडाले.

करारानुसार ते बडोद्यास गेले. संस्थानचा एक अधिकारी, परदेशी विद्यापीठांत शिकून आलेला, पगार ठरलेला; आणि त्याला त्या शहरात राहावयास जागा नाही. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी दिवसाला दीड रुपया भाड्याने खोली घेतली. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, तिला लागून एक मोठे दालन. त्यात मोडक्या खुर्च्या, बाके आणि फळ्यांचा ढीग. रात्री दिव्यासाठी एक कंदील आणि सोबतीला वटवाघळे. कचेरीतून परत आल्यावर त्या अंधाऱ्या दालनात बसून ते वाचीत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशांचा एक जमाव जिना चढून आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेला. एका हिंदू स्नेह्याकडे विचारले, एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारले. दोघांनीही सौजन्याने आपल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. संस्थानिकाने दिलेली नोकरी, पदव्या आणि खिशातले पैसे या तिन्ही गोष्टी जवळ असताना एका माणसाला भाड्याची खोली मिळू शकली नाही. मिळकतीचा व्यवहार हा केवळ ऐपतीचा प्रश्न असतो, असे समजणाऱ्यांनी हा दिवस ध्यानात ठेवावा. आजही मोठ्या शहरांत जागा भाड्याने देताना आडनाव, खाणे आणि धर्म यांची चौकशी होते, ती काही भाडे बुडण्याच्या भीतीने होत नाही.

मुंबईस परत आल्यावर १९१८ च्या नोव्हेंबरात त्यांना सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीत, दोन खोल्यांचे. ही अक्षरे म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी जी संस्था सरकारने १८९८ मध्ये स्थापली, तिनेच बांधलेल्या या चाळी. पगाराचा मोठा हिस्सा बाजूला टाकावयाचा आणि लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करावयाचा, एवढे एकच त्यांनी मनाशी धरले होते. १९२० च्या जानेवारीत त्यांनी मूकनायक काढले, मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी त्यांचा जाहीर गौरव केला आणि जुलैमध्ये ते पुन्हा विलायतेस निघाले. साठविलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढे भांडवल. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेने बाहेर काढलेल्या माणसाला लंडनला जाण्यासाठी पैसे दिले तेही एका पारशानेच. समाजाबद्दल सरसकट निर्णय देऊ पाहणाऱ्यांची येथे अडचण होते.

शासनाने घेतलेल्या घरातील वास्तव्य याच दुसऱ्या मुक्कामातले. त्यांच्या त्या वेळच्या दिनक्रमाचे वर्णन चरित्रकारांनी केलेले आहे. सकाळी पावाचा एक तुकडा आणि काहीतरी गरम पेय घ्यावयाचे, ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडण्यापूर्वी दारात हजर राहावयाचे, दुपारचे जेवण शक्यतो टाळावयाचे आणि वाचनालय बंद झाल्यावरच बाहेर पडावयाचे. रात्री भुकेने झोप येईना, तेव्हा मुंबईहून आलेले पापड तव्यावर भाजून खावयाचे आणि पुन्हा पहाटेपर्यंत वाचावयाचे. किंग हेन्रीज रोडवरून ब्रिटिश म्युझियम सुमारे अडीच मैल आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स त्याहून थोडे पुढे. आज ज्या वस्तीत घर घेणे कोट्यधीशालाच परवडते, तेथे हा मनुष्य मालक नव्हता, पाहुणाही नव्हता. पोटाला कमी देऊन पुस्तकांना अधिक देणारा तो एक भाडोत्री विद्यार्थी होता. १९२१ मध्ये तो एम. एस्सी. झाला, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाला, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध एकदा दुरुस्त करून दिल्यानंतर १९२३ मध्ये त्याला डी. एस्सी. ही पदवी मिळाली.

या खोलीच्या भाड्याचा खरा हिशेब मात्र परळात होत होता. रमाबाई त्या दोन खोल्यांत तुटपुंज्या पैशांवर प्रपंच चालवीत होत्या. त्या पतिपत्नींनी आपली चार अपत्ये लहानपणीच गमावली. त्यांचा एकटा यशवंत जगला. लंडनच्या घराला स्मारक म्हणावयाचे असेल, तर त्याची अर्धी भिंत परळच्या चाळीत उभी आहे, असेच म्हणावे लागेल. त्या चाळीला भेट देणाऱ्यांची संख्या लंडनला जाणाऱ्यांहून खचितच मोठी आहे. तेथे जावयास पारपत्र लागत नाही.

१९२३ नंतरची कथा महाराष्ट्रास इतकी परिचित आहे की तिचा उल्लेखच पुरे. वकिली, बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे महाड, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह, गोलमेज परिषदा, पुणे करार. या सगळ्या धामधुमीत परळच्या कचेरीत पुस्तकांना जागा उरली नाही आणि त्यांनी घर बांधावयाचे ठरविले. कुटुंबाला जागा हवी होतीच; परंतु घराचा आराखडा ठरला तो पुस्तकांच्या सोयीने, हे विशेष.

जागा निवडली दादरच्या हिंदू कॉलनीत. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच दादर-माटुंगा योजनेत वसलेली ही वसाहत. रुंद रस्ते, झाडे, दोनतीन मजली टुमदार इमारती, आणि त्यांत वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशी पांढरपेशा बिऱ्हाडे. बी. आय. टी. चाळीपासून अंतर फार नाही. दोन्ही वस्त्या एकाच ट्रस्टच्या; पण ते अंतर ओलांडण्यास या माणसाला दोन दशके लागली. १९३० च्या सुमारास त्यांनी तेथे दोन भूखंड घेतले. एकावर राजगृह उभे राहिले, दुसऱ्यावर चारमिनार. राजगृह हे बिंबिसाराच्या मगधातील राजधानीचे नाव, बुद्धाच्या पावलांनी पुनीत झालेल्या नगराचे. चारमिनार हे नाव आम्हां मराठवाड्यातील लोकांना अर्थातच अधिक ओळखीचे. त्या वेळी औरंगाबाद, जालना, अंबड, परतूर सारेच निजामाच्या अमलाखाली होते.

राजगृहाची रचना पाहण्यासारखी आहे. खाली कुटुंबाचा राबता; वर ग्रंथालय आणि काम करण्याची जागा. आपल्या बाजारपेठेत खाली व्यवसाय आणि वर संसार असतो. येथे संसार खाली आणि व्यवसाय, म्हणजे विद्या, वर. ग्रंथसंग्रह पुढे पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. वैयक्तिक मालकीचा एवढा संग्रह आशिया खंडात विरळाच असावा. आणि १९४१ मध्ये पुस्तकांची व देणेकऱ्यांची देणी भागविण्यासाठी चारमिनार विकावी लागली. दोन इमारतींपैकी विकावयाची कोणती, हा निर्णय त्यांना अवघड गेला नसावा. जिच्यात पुस्तके होती, ती राखली. मिळकतीच्या व्यवहारात शहाणपणाचे जे संकेत सांगितले जातात, त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा. पण त्या घराचे करावयाचे काय, हे घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

रमाबाईंना हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आदल्या वर्षीची एक घटना आमच्या भागातली आहे, म्हणून सांगितली पाहिजे. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास आले असता बाबासाहेब वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी तेथील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले, तर तेवढ्यावरून आरडाओरडा होऊन त्यांना अडविण्यात आले. मुंबईत तोपर्यंत त्यांचे स्वतःचे घर उभे झाले होते. निजामाच्या राज्यात ओंजळभर पाण्यावर हक्क नव्हता. त्याच रस्त्याच्या टोकाला, औरंगाबादेत, सोळा वर्षांनी ते महाविद्यालय काढणार होते.

दिल्लीतील काळ सरकारी बंगल्यांचा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, १९४७ पासून कायदेमंत्री, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. हे बंगले पदाबरोबर आले आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा देताच पदाबरोबर गेले.

या काळात त्यांनी स्वतःसाठी नव्हे, तर विद्यार्थ्यांसाठी वास्तू जमविण्यास आरंभ केला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. संस्थेच्या आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारती फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी मार्गावर आहेत. हा शहराचा सर्वांत मानाचा व्यापारी रस्ता. दगडी कमानींखालून पदपथ, त्याला लागून दुकाने, वर कचेऱ्या. ज्या मुलांच्या बापांनी त्या रस्त्यावर ओझी वाहिली असतील, त्यांनी तेथे जिने चढून वर्गात बसावे, यात केवळ सोय नव्हती. शहराच्या मध्यावरील जागेला काही एक अर्थ असतो, हे बाबासाहेब पुरते जाणून होते. गावाबाहेर, नदीपलीकडे वस्ती असणाऱ्यांना तो अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

जून १९५० मध्ये औरंगाबादेत संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तोपर्यंत मराठवाड्यातील मुलाला पदवी घ्यावयाची तर हैदराबाद गाठावे लागे. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. जालन्याहून औरंगाबाद रेल्वेने साठ-पासष्ट किलोमीटर. भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर इकडील खेड्यांतून निघालेल्या मुलांच्या दृष्टीने या वास्तूने अंतर किती कमी केले, हे त्यांच्या पुढच्या पिढ्यांत शिक्षक, तहसीलदार, लेखक किती झाले यावरून समजते. तेथे वर्ग होते आणि वसतिगृहही होते. कारण ज्याला बडोद्यात खोली मिळाली नव्हती, त्याला वर्गाइतकेच वसतिगृहाचे महत्त्व कळत होते.

राजीनाम्यानंतर बाबासाहेब दिल्लीत २६, अलीपूर रोड या सिरोहीच्या महाराजांच्या बंगल्यात भाड्याने राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन ते तेथेच परतले, आणि ६ डिसेंबरला त्याच घरात निवर्तले. शेवटच्या रात्री ते बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना पाहत होते. तो बंगला पुढे पाडला गेला. त्या जागी १३ एप्रिल २०१८ रोजी राष्ट्रीय स्मारक खुले झाले. पार्थिव मात्र विमानाने मुंबईस आणले गेले ते राजगृहात. जन्म छावणीत आणि मृत्यू भाड्याच्या घरात झालेल्या या मनुष्याला दादर चौपाटीकडे अखेरचा निरोप त्याच्या स्वतःच्या दारातून मिळाला.

आता पुन्हा लंडनच्या घराकडे यावयाचे. खरेदी झाली, उद्घाटन झाले, लोक येऊ लागले, आणि मग काही शेजाऱ्यांनी गर्दीची व गोंगाटाची तक्रार केली. कॅम्डेन येथील नगर परिषदेचे म्हणणे असे की, ही वास्तू राहण्यासाठीची आहे, ती संग्रहालय म्हणून वापरण्यास आधी परवानगी घेतलेली नाही, आणि राहती जागा अशी कमी होऊ देता येत नाही. २०१८ मध्ये परवानगी नाकारली गेली. महाराष्ट्र शासनाने अपील केले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी संग्रहालयास मंजुरी दिली. आपल्याकडे त्या वेळी हा महापुरुषाचा अवमान मानून बराच संताप व्यक्त झाला. शेजाऱ्यांच्या तक्रारीत गोंगाटापेक्षा वेगळे काही दडले होते काय, हे दुरून सांगता येत नाही. परंतु नगर परिषदेचा आक्षेप आम्हांस तितका परका वाटत नाही. राहत्या घराचा वापर न विचारता बदलला, तर आपल्याकडील पालिकासुद्धा नोटीस काढते, निदान काढावयास हवी. शिवाय त्या आक्षेपात एक अनाहूत सत्यही होते. हे घर मुळात प्रेक्षणीय स्थळ नव्हतेच. एक विद्यार्थी तेथे राहत होता, एवढीच त्याची थोरवी.

म्हणून खरेदीबद्दल आमची तक्रार नाही. दुष्काळी सालातील असूनही नाही. तीस कोटींनी मराठवाड्याची तहान भागली नसती, आणि घर दुसऱ्याच्या हाती गेले असते तर ते पुन्हा मिळाले नसते. तक्रार वापराबद्दल आहे. छायाचित्रे, पुतळा, काचेखालची कागदपत्रे हे सारे योग्यच. परंतु राजगृह बांधणाऱ्याने आपले कोणतेही घर एवढ्यावर थांबविले नाही. महाराष्ट्र शासन अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचे, म्हणजे ज्यांच्या मदतीने आंबेडकर १९२० मध्ये लंडनला पोहोचले त्यांचेच. शिष्यवृत्ती एका राजाच्या नावाची आणि घर त्याने पाठविलेल्या विद्यार्थ्याचे. दोन्ही एकाच शासनाच्या हाती आहेत. मंठा किंवा घनसावंगी तालुक्यातील एखादी मुलगी ती शिष्यवृत्ती घेऊन लंडनला उतरेल, तेव्हा संध्याकाळी वाचनालय बंद झाल्यावर तिला किंग हेन्रीज रोडवर एक टेबल, एक दिवा आणि हाताशी पुस्तकांचे एक कपाट मिळेल काय, आणि मिळणार असेल तर ते किती वाजेपर्यंत, एवढे शासनाने एकदा जाहीर करावे.